रोज रात्री दहा मिनिटं आपल्याच दिवसाकडे बघायची सवय: कशी लावली, कशी टिकवली?

ओतशाळा | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

आत्मपरीक्षण म्हटलं की पुष्कळांना ते साधुसंतांचं काम वाटतं, नाहीतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं. मला ते रोजच्या व्यवहारातलं काम वाटतं आणि ते रोजच व्हावं असं वाटतं. इथल्या लोकांचे अनुभव ऐकायचे आहेत म्हणून धागा काढतोय. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. आमच्याकडे सकाळच्या पाळीचं पहिलं काम म्हणजे रिजेक्शन मीटिंग. आदल्या दिवशीची नापास कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, टेबलावर ठेवतात. ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूनं पडलेलं भोक, दिसला की हीट नंबर, म्हणजे तो भाग कुठल्या ओतणीतला त्याचा नंबर, काढायचा आणि मागे जायचं. वाळूत ओलावा किती होता, मोल्ड (वाळूचा साचा) किती घट्ट ठोकला होता, व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) मोकळे होते का, कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) नीट भाजला होता का. पुरावा समोर असतो, त्यामुळे कुणी "आपली फौंड्रीच बेकार" असं म्हणत नाही आणि "नशीब" असंही म्हणत नाही. उद्या कोण काय बदलणार हे फळ्यावर लिहिल्याशिवाय कुणी उठत नाही. सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं.

लोखंडाच्या तुकड्यासाठी आम्ही एवढं करतो. घरी, माणसांशी, स्वतःच्या तब्येतीशी, पैशाशी आपण दिवसभर जे वागतो त्याला मात्र अशी मीटिंग नसते. ही गोष्ट मला फार खटकायची. म्हणून रात्री जेवणं झाली, ओटा आवरून झाला की तिथंच टेबलावर शंभरपानी वही उघडायला लागलो. रोज तीनच ओळी. पहिलीत आजचा एकच प्रसंग, जसा घडला तसा: वेळ, जागा, कोण काय बोललं. दुसरीत त्या वेळी मला आतून काय होत होतं. तिसरीत, हाच प्रसंग परत आला तर काय करायचं.

एक उदाहरण देतो. आईशी औषधाच्या गोळ्यांवरून वाजलं, त्या दिवशीची नोंद: "संध्याकाळी साडेसात. दारातच. आई म्हणाली, बीपीची गोळी संपली. मी म्हणालो, काल का नाही सांगितलंस. चहा व्हायचा होता." एवढंच. नंतर एका रविवारी मागची पानं चाळली. गोळ्या, लाईट बिल, गावाकडची वाटणी, मुलीची ट्यूशन, विषय दर वेळी निराळा, पण जवळजवळ प्रत्येक वादाची वेळ तीच, कामावरून घरात पाऊल टाकल्यापासून चहा होईपर्यंतची. एकेकट्या दिवशी हे मला कधीच दिसलं नसतं. आता घरात ठरलंय की आल्यावर आधी हातपाय धुणं, चहा, मग विषय. आईनंच हे सगळ्यात आधी उचलून धरलं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुम्ही ही सवय कशाला जोडून टिकवली? दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: स्वतःकडे बघणं कुठं संपतं आणि स्वतःला खात बसणं कुठं सुरू होतं?


पुण्यातला_करवीरकर | सोमवार, रात्री १०:५२

वाचनखूण साठवली. छान विषय.

एक शंका. वहीच कशाला? मी ऑफिसमधून येताना गाडीत दिवसाचा विचार करतोच की. तेवढं पुरत नाही का?


ओतशाळा | सोमवार, रात्री ११:०५

@करवीरकर, मला तरी पुरलं नाही. डोक्यात प्रसंग फिरवला की दर फेरीला आपली बाजू थोडी सरळ होत जाते आणि समोरच्याची थोडी वाकडी. तिसऱ्या दिवशी आपण नेमके कोणते शब्द वापरले होते हेही आठवत नाही. कागदावर "काल का नाही सांगितलंस" हे जसंच्या तसं राहतं. आणि मागची पानं चाळता येतात. आमच्याकडेही ओलाव्याचं रीडिंग तोंडी सांगितलेलं चालत नाही, रजिस्टरला लागतं.


तांबडी_माती | मंगळवार, सकाळी ६:४०

दादा, तुमचं वाचलं आणि वस्तादांची आठवण झाली.

मी गंगावेस भागातल्या तालमीत वाढलेला. कुस्ती हरली की त्या रात्री वस्ताद एक शब्द बोलायचं न्हाईत. जेवायला बसवायचं आणि झोप म्हणायचं. खासबागेत एवढ्या मोठ्या मैदानात पाठ लागल्यावर पोरगं काय ऐकण्याच्या अवस्थेत असतंय? दुसऱ्या दिवशी पहाटं जोर-बैठका झाल्या की हौद्यात, म्हंजे तालमीच्या मातीत, उभं करायचं आणि म्हणायचं, "कालची कुस्ती दाव." सांग न्हवं, दाव. समोर दुसरा पैलवान उभा करायचा आणि काल जसं झालं तसं सावकाश करून दाखवायचं.

माझं एकदा असं झालं की एकेरी पट काढायला, म्हंजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायला गेलो, मान खाली गेली, समोरच्यानं मानंवर वजन टाकलं आणि मी खाली. मी आपला "दम कमी पडला" म्हणत होतो. वस्तादांनी तिथंच थांबवलं. "आता हल्लू नको. तुझा उजवा पाय कुठं हाय बघ." पाय लांब मागं ऱ्हायला होता. दमाचा काय संबंधच न्हवता. मग तेवढाच तुकडा, पट आणि पाय, पट आणि पाय, घाम निथळेपर्यंत.

वस्ताद कधी "तू असा का हाईस" म्हणाले न्हाईत. पाय कुठं हाय, मान कुठं हाय, एवढंच. आता कुस्ती सुटली, मी गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, पण गिऱ्हाईकाशी वाजलं तर त्या रात्री विचार करत न्हाई. सकाळी दुकान उघडायच्या आधी करतो. रात्री रागात जे लिहाल त्यात निम्मी शिवीगाळच येणार, असं माझं मत.


शिरोळची_लेक | मंगळवार, दुपारी १:२०

आमच्याकडे शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात जैन घरं भरपूर. माझ्या आजीचं संध्याकाळचं प्रतिक्रमण कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग चटई, मग डोळे मिटून बसणं. लहानपणी मला तो नुसता पाठ वाटायचा. मोठेपणी विचारलं तेव्हा तिनं समजावलं की सहा आवश्यकांतलं ते एक. आधी सामायिक, म्हणजे मन समेवर आणणं. मग तीर्थंकरांची स्तुती, वंदना. त्यानंतर प्रतिक्रमण: दिवसभरात चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना कुणाला दुखवलं का, ते आठवून मागे फिरणं. पुढे कायोत्सर्ग, म्हणजे शरीराची ओढ सोडून निश्चल राहणं, आणि प्रत्याख्यान, म्हणजे अमुक गोष्ट पुढे करणार नाही असा नेम.

मला यातला क्रम फार शहाणपणाचा वाटतो. चुका आठवण्याआधी मन शांत करून घेतात. आणि आठवून झाल्यावर तिथंच घोटाळत बसत नाहीत, नेम घेऊन उठतात. तो नेमही केवढासा असतो! आजीचा एकदा होता की उद्या सूनबाईच्या भाकरीला नाव ठेवणार नाही. ती सूनबाई म्हणजे माझी आई. आईला हे कळलं तेव्हा ती किती तरी वेळ काही बोललीच नाही.

शिवाय रोजचं वेगळं, पंधरवड्याचं वेगळं, चार महिन्यांचं वेगळं आणि वर्षाचं वेगळं. दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपलं की क्षमावाणी येते, तेव्हा घरोघरी जाऊन "उत्तम क्षमा" म्हणतात. दादा, तुम्ही रविवारी पानं चाळता ना, तसं हे मोठ्या मुदतीचं चाळणं आपल्याकडे कधीपासून बसवलेलं आहे. माझा स्वतःचा पाठ नियमित नाही, पण पंधरवड्याचा मी पाळते.


उद्यमनगर_लेथ | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचा आदर राखून बोलतो. हे ज्याचं काम सहाला संपतं त्याच्यासाठी ठीक आहे. माझी दोन लेथची शेड आहे. सकाळी आठला शटर वर, रात्री नऊला खाली, मध्ये लाईट गेली तर अकरा. घरी गेल्यावर ताट समोर येईपर्यंत डोळे मिटतात. आत्मपरीक्षण करायला माणसाला आधी जागं राहता आलं पाहिजे.


वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

दादा, माझंही तसंच होतं. तीन म्हशी, सासूबाई, दोन मुलं आणि मालकांचा ऊस. वही घेऊन बसायला मला कोण सोडणार?

मी काय करते सांगते. संध्याकाळी संस्थेत दूध घालायला जाते तेव्हा रांग असते. नंबर येईपर्यंत उभंच राहायचं असतं. दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेली छोटी पावती मिळते. त्या पावतीच्या मागं मी एक ओळ लिहिते. पेन ब्लाउजला अडकवलेलं असतं. "आज धाकट्याला विनाकारण ओरडले, खरा राग जाऊबाईंचा होता." "आज मोठीनं न सांगता वैरण टाकली, तिला बरं म्हणायचं राहिलं." बस, तिथंच घडी घालून बटव्यात.

दहा दिवसांचं बिल आलं की पावत्या जुळवायला बसावंच लागतं. तेव्हा आकडे बघून झाले की मागच्या बाजू वाचते. पावतीवरची छापील अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, पेनाचं राहतं. या पावत्यांमुळेच मला कळलं की मी ज्या दिवशी माहेरी फोन करते त्या दिवशी घरात जास्त शांत असते. आता तो फोन मी चुकवत नाही, आणि सासूबाईंना कारण सांगितलं तर त्याच आठवण करून देतात.

वेळ नसतो हे खरंच आहे. पण तुमच्या शेडमध्येही कुठंतरी थांबणं असेलच ना?


उद्यमनगर_लेथ | मंगळवार, रात्री १०:२५

ताई, शटर ओढल्यावर मशीनवर तेलाचं फडकं फिरवतो, ती पाच मिनिटं हात चालू असतो पण डोकं मोकळं असतं. जॉब कार्डाची, म्हणजे प्रत्येक कामाचा तपशील असलेल्या कार्डाची, मागची बाजू कोरीच असते. उद्या बघतो.


अभ्यासिका_कोपरा | बुधवार, रात्री १:१५

मी राज्यसेवेची तयारी करते. राजारामपुरीत अभ्यासिका लावली आहे. मला या धाग्यावर वेगळी बाजू मांडायची आहे, कारण मी रोज लिहिते आणि मला त्रास होतो.

रोज तीन-चार पानं लिहिते. मी का मागे पडते, माझी एकाग्रता का होत नाही, मैत्रिणीची पूर्व परीक्षा निघाली आणि माझी का नाही, घरच्यांचे पैसे जातायत याचं मला काहीच कसं वाटत नाही. लिहून झालं की हलकं वाटण्याऐवजी छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि झोप उडते. सगळे म्हणतात आत्मपरीक्षण चांगलं. मग माझंच असं का होतं?


मनमोकळं | बुधवार, सकाळी ८:०५

@अभ्यासिका_कोपरा, बरं झालं लिहिलंस. मी समुपदेशक आहे, तुला एकेरीत बोलले तर चालेल ना? ओतशाळा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वतःबद्दल विचार करण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. एकीत माणूस जिज्ञासेनं बघतो. दुसरीत तोच घाव पुन्हा पुन्हा उकरतो. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या दोन्ही वेगवेगळ्या मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली, कारण स्वतःकडे जास्त लक्ष देणाऱ्या माणसांना स्वतःची जाणही जास्त असते आणि त्रासही जास्त असतो, हे कोडं त्यांना सोडवायचं होतं. जाण पहिल्या तऱ्हेशी जोडलेली निघाली आणि त्रास दुसरीशी.

दुसऱ्या तऱ्हेचं काय होतं याचा एक अभ्यास मला कधी विसरता येत नाही. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि उकरत बसण्याची सवय मोजून ठेवली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच मुलांना भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासलं. ज्यांना आधीपासून उकरत बसायची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली, आणि ती सात आठवड्यांनंतरही टिकून होती. २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ भागातल्या छावणीत मी जायचे तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. "आदल्या दिवशीच का निघालो नाही" हा प्रश्न घेऊन बसलेली माणसं तिथल्या तिथं फिरत राहायची. "आता गोठ्यातला गाळ आधी काढायचा की कागदपत्रं वाळवायची" असं विचारणारी माणसं, दुःख तेवढंच असूनही, हळूहळू उभी राहिली.

तुझ्या पोस्टमध्ये "का" किती वेळा आलाय बघ. ओतशाळांच्या टेबलावर "का" चालतो, कारण कास्टिंग गप्प पडून असतं आणि वाळूचं रीडिंग रजिस्टरला असतं. पाच वेळा "का" विचारून मूळ कारणापर्यंत जायची टोयोटाची पद्धत कारखान्यात फार उपयोगी पडते. पण "मी अशी का" याला रजिस्टर नाही. रात्री एक वाजता मन जे उत्तर देईल ते त्या वेळच्या थकव्यातून आलेलं असतं, आणि आपण त्यालाच सत्य धरतो.

म्हणून आजपासून हे करून बघ. रात्री उशिरा लिहू नकोस, संध्याकाळी अभ्यासिकेतून उठायच्या आधी लिही. घड्याळ लावून दहा मिनिटं, मग वही बंद. "मला काहीच कसं वाटत नाही" अशी वाक्यं नकोत. "दुपारी दोन ते चार राज्यघटनेची वीस पानं वाचायची होती, सात झाली, फोन चार वेळा उघडला" हे चालेल. भावना मोठी असेल तर स्वतःला नावानं हाक मारून लिही, जणू मैत्रिणीला लिहितेस. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ताणाच्या प्रसंगी स्वतःशी "मी" म्हणून बोलण्यापेक्षा नाव घेऊन बोलणाऱ्यांना ताण कमी जाणवतो आणि काम जास्त चांगलं जमतं.

खोल दुःखाबद्दल लिहायला माझी ना नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात जड अनुभवाबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र तिथं पंधरा मिनिटं होती, चार दिवस होते आणि नंतर थांबणं होतं. तू रोज तीच पानं लिहितेस आणि कुठंच थांबत नाहीस.

आणि एक. झोप, भूक, अभ्यासातलं मन हे दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर वही पुरे, माणसाशी बोल. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.


अभ्यासिका_कोपरा | बुधवार, सकाळी ११:४०

ताई, मनापासून आभार. एकेरीतच बोला. झोपेचं दोन आठवड्यांहून जास्त आहे. आज दुपारी फोन करते.


रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४:००

मी नर्स आहे. नर्सिंगला आम्हाला अनुभवाकडे मागे वळून बघायचं गिब्जचं चक्र शिकवलं होतं, १९८८ चं. काय घडलं, काय वाटलं, त्यात बरं काय वाईट काय, त्याचा अर्थ काय, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करायचं. शिकताना ते परीक्षेपुरतं होतं. वॉर्डात आल्यावर त्याची किंमत कळली.

रात्रपाळी संपवून केएमटीच्या बसमध्ये बसले की मी ते मनात फिरवते आणि घरी जाऊन चहाबरोबर चार ओळी लिहिते. पेशंटचं नाव, बेड नंबर कधीच नाही, हा माझा कडक नियम. एकदा एका आजींच्या नातेवाइकांना मी तीन वेळा तीच गोष्ट समजावली आणि तरी ते गोंधळलेलेच राहिले. "काय वाटलं" या ओळीत मी लिहिलं "वैताग". "त्याचा अर्थ" या ओळीपाशी बराच वेळ थांबले आणि मग लक्षात आलं की तिन्ही वेळा मी उभ्यानं, हातात ट्रे घेऊन बोलत होते. दुसऱ्या रात्री खुर्ची ओढून बसून सांगितलं. एकदाच सांगावं लागलं.

"काय वाटलं" ही पायरी लोक गाळतात. पैलवान दादांनीही गाळली आहे असं मला वाटतं. वैताग लिहिला नसता तर मी त्या प्रसंगाकडे परत गेलेच नसते.


तांबडी_माती | बुधवार, सायंकाळी ७:१५

सिस्टर, बरोबर हाय तुमचं. वस्ताद रात्री जेवायला बसवायचं न्हवं का, तेव्हा ताटाकडं बघूनच वळखायचं काय वाटतंय ते. मला वस्ताद होतं. ज्याला कोण न्हाई त्यानं लिहावं.


रंकाळा_फेरी | बुधवार, रात्री ८:३०

निवृत्त शिक्षक आहे. सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण एक मतभेद नोंदवतो.

तुम्ही सर्वांनी हे एकट्यानं करायचं काम मानलंत. माझा अनुभव वेगळा आहे. माझा एक जुना सहकारी आणि मी संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं फिरतो. संध्यामठाच्या बाजूला पोचेपर्यंत राजकारण, क्रिकेट, पेन्शन, सगळं बोलून घेतो. तिथून परत फिरलो की प्रत्येकानं आजची आपली एक गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, "मग पुढं?" एवढंच विचारायचं. हा नियम आम्ही फार काटेकोर पाळतो. सल्ला द्यायला लागलं की समोरचा स्वतःचा बचाव करायला लागतो आणि बघणं तिथंच थांबतं.

आपल्या वागण्यातल्या काही गोष्टी आपल्याला दिसतच नाहीत, कितीही प्रामाणिकपणे लिहिलं तरी. मी बोलताना समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडतो, हे मला माझ्या कुठल्याच वहीनं सांगितलं नसतं. त्यानं सांगितलं.

दुसरं, तुमच्या नोंदींत चुकाच जास्त दिसतात. वारणाकाठ ताईंची वैरणीची ओळ मला सगळ्यात आवडली. जे नीट झालं ते का नीट झालं, हे बघणंही तितकंच गरजेचं आहे. वर्गात एखादा तास रंगला की मी त्याची नोंद ठेवायचो: फळ्यावर काय काढलं होतं, पहिला प्रश्न कोणता विचारला. पुढच्या वर्षी तीच टिपणं कामाला यायची.


पुण्यातला_करवीरकर | गुरुवार, सकाळी ९:२०

सरांशी सहमत.

आता माझी खरी अडचण. मी अशा वह्या अनेकदा सुरू केल्यात. आठवडाभर जोरात चालतं, मग एखाद्या दिवशी राहून जातं, आणि एकदा राहिलं की "तुटलं" म्हणून ती वही परत उघडावीशी वाटत नाही. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, माझे ते एकवीस दिवस कधी पूर्णच होत नाहीत.


ओतशाळा | गुरुवार, रात्री ९:५०

@करवीरकर, एकवीस दिवसांचं डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० साली तो छापून आला. प्रत्येकानं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट रोज ठरलेल्या वेळेला जोडून करायची होती. ती आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. चुकलेल्या दिवसाचं पान कोरं सोडायचं आणि पुढच्या पानावर लिहायचं. मागचं भरून काढायला बसलात तर कंटाळा येणारच.

जोडणी मात्र पक्की हवी. "रात्री कधीतरी" ही वेळच नव्हे. माझी ओटा आवरल्यावरची आहे, ताईंची दुधाच्या रांगेतली, सिस्टरची बसमधली, सरांची संध्यामठापासून परत फिरल्यावरची. हे सगळं रोज होणारंच आहे, वही त्याच्यामागून येते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं की "अमुक झालं की तमुक करीन" असं आधी ठरवून ठेवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी जास्त वेळा पार पडतं. माझ्या तिसऱ्या ओळीलाही मी आता तोच साचा देतो. "आईशी नीट वागायचं" असं लिहित नाही. "आईनं दारात काही सांगितलं की आधी 'बरं' म्हणायचं आणि पिशवी खाली ठेवायची" असं लिहितो. पिशवी खाली ठेवता येते. नीट वागणं म्हणजे संध्याकाळी दारात नेमकं काय करायचं असतं, ते मला कळत नाही.

आणि सर, तुमचा मुद्दा मान्य. नीट ओतलेल्या हीटचं रजिस्टर आम्ही जपून ठेवतो, घरच्या वहीत मात्र तसं पान नव्हतं. परवाच्या रविवारी मुलीनं आपण होऊन आजीच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावल्या, ते लिहिलंय.


उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, रात्री ९:४०

दोन दिवस जॉब कार्डाच्या मागं लिहिलं. आज एक कळलं की दुपारी जेवणाला उशीर झाला की बोरिंगचं, म्हणजे आतून कातलेल्या भोकाचं, माप मी दोनदा तपासत नाही, सरळ पुढं ढकलतो. जॉब वाया गेला नाही, पण जाणार होता.

एक विचारायचंय. माझ्याकडं तीन पोरं कामाला आहेत, विशी-बाविशीतली. त्यांच्याकडूनही हे करून घ्यावं का? रोज संध्याकाळी लिहून मला दाखवायचं, असं काहीतरी?


मनमोकळं | शुक्रवार, रात्री १०:०५

दाखवायला लावू नका, दादा. मालकाला दाखवायचं म्हटलं की पोरं मालकाला आवडेल तेच लिहिणार.


ओतशाळा | शुक्रवार, रात्री १०:३०

ताईंना अनुमोदन. कामाचं आणि स्वतःचं वेगळं ठेवा. कामासाठी शटर ओढायच्या आधी चौघं मशीनपाशी पाच मिनिटं उभे राहा. आज कुठला जॉब अडला, कुठला चांगला गेला, उद्या काय बदलायचं. सुरुवात तुम्ही करा, जेवणाला उशीर आणि बोरिंगचं माप हेच पहिल्या दिवशी सांगा. मालक स्वतःचं सांगतोय म्हटल्यावर पोरांची जीभ सुटेल. त्यावर पगार, सुट्टी, ओव्हरटाइम यांतलं काहीही जोडू नका, एकदा जरी जोडलंत तरी ती परत तोंड उघडणार नाहीत.

स्वतःच्या नोंदीसाठी प्रत्येकाला एक छोटी वही आणि पेन द्या. काय करायचं ते एकदा सांगा, तुमचं जॉब कार्ड लांबून दाखवा, आणि नंतर वहीची चौकशी करू नका. एखादा त्यात हिशेब लिहील, एखादा कोरी ठेवील, चालू द्या.